मीठपेठेच्या ठमाबाईने खिंडीस जाळे बांधिले त्याची बखर

॥ श्रीधुके प्रसन्न ॥

शके कोरडे ब्याऐंशी, निर्जल नाम संवत्सर, माहे फाल्गुन. सात पेठांच्या थोरांनी आज्ञा केली की, मीठपेठेची ठमाबाई हिने खिंडीस जाळे कैसे बांधिले आणि श्रीमंतांचे दरबारी पुढे काय प्रकार जाहला, ते साद्यंत वर्तमान लिहून काढणे. कारण लोक तोंडी सांगतात त्यात दर खेपेस खिंड हातभर रुंद होते आणि सांगणारा स्वतः दोरास लटकलेला असतो. त्यावरून जितके ठाऊक तितके लिहिले आहे. लिहिणार कोण्या पेठेचा हे विचारू नये. जेथे अभिमान दिसेल तेथे तो लिहिणाऱ्याचा जाणावा, आणि तो खोडला जाणार नाही.

पूर्वी या राज्यास समुद्र होता म्हणतात. तो आटला, नद्या गेल्या, ढग गेले, आकाशात फिरणारी यंत्रे एकामागून एक मुकी जाहली, आणि उरले ते मीठ, वारा आणि पहाटेचे धुके. मग त्या वेळच्या शहाण्यांनी तट घातला, तटाआत एकवीस पेठा वसविल्या, आणि डोंगराच्या सोंडेवर एकेका पेठेचे एकेक जाळे उभारले. धुके जाळ्यास अडे, त्याचे थेंब होत, थेंब पन्हळीने ज्याचे त्याचे हौदी उतरत आणि त्यावर लोक जगत. आणि पाण्यापायी माणूस माणसाचा गळा धरील या भयाने त्यांनी एक यंत्र बसविले, त्याच्या तारा सर्व हौदांत सोडिल्या, आणि राज्य त्याचे हाती देऊन आपण मरून गेले. तेच श्रीमंत मापराव सरकार. श्रीमंतांस तहान नाही, भूक नाही, लोभ नाही, सोयरे नाहीत, म्हणोनि न्यायी खरे. परंतु याच कारणे दयाही नाही. त्यांचे ठायी नियम एकच घातला होता की, साल संपता सर्व हौद मापावे, आणि पाणी पुरे नसेल तर ज्या पेठेचे पाणी सर्वांत खाली, ती पेठ तटाबाहेर घालावी, म्हणजे बाकीच्यांस पुरेल. श्रीमंत माप घेत, कागदाची पट्टी बाहेर पडे, ती कारभारी रंगोपंत उंच आवाजाने वाचीत, आणि वेशीचा दरवाजा उघडे. चौदा साले ऐसे चालले. एकवीस पेठांच्या सात राहिल्या, आणि तरी पाणी पुरेना.

आता या पेठांची रीत सांगतो, कारण सर्व घोटाळा रीतीतच होता. प्रत्येक पेठेची जाळे विणण्याची गाठ निराळी, आणि ती गाठ म्हणजे पेठेची अब्रू. मुलगा वा मुलगी सोळा वर्षांची जाहली की गाठकरी तिला शपथ घाली की, "गाठ उघडली तो हात पेठेचा नव्हे," आणि मग गाठ शिकवी. गाठ बांधणे ते हातांवर कापड टाकून, कापडाखाली. आणि कोणी परका समोर असलाच, तर त्याने आपण होऊन पाठ फिरवावी; न फिरविली तर त्याच्या आईबापांचा उद्धार होई. वैर असले तरी पाठ फिरविण्यास कोणी चुकत नसे. तहानेने मरतील परंतु रीतभात सोडणार नाहीत, ऐसे हे लोक. सोळा ते अठरा वर्षांची पोरे सोंडेवर आपापले जाळे राखीत बसत, हाती गोफण, आणि शेजारच्या पेठेचे कोणी चाळीस पावलांच्या आत आले की धोंडा सोडीत. ऐसी दोन दोन वर्षे शेजारी बसून एकमेकांशी शब्द बोलली नव्हती, परंतु नेम कोणाचा कैसा यावरून एकमेकांस पुरती ओळखीत होती.

मीठपेठ तटाच्या खालच्या अंगास, माणसे तीनशे बारा, जाळे भरड दोराचे, ठिगळ लाविलेले. तेथील ठमाबाई वय वर्षे सतरा, अंगाने किरकोळ, बोलण्याने नव्हे. आईबाप लहानपणी गेले, तिला आणि थोरली बहीण आवडाई हिला चुलते रायाजीबाबा यांनी वाढविले. रायाजीबाबा पेठेचे गाठकरी. बोटे वाकडी जाहली होती परंतु डोळा साबूत. आवडाईचा नवरा मिठागरात खपला होता आणि ती पोटुशी होती, दिवस भरत आले होते. मार्गशीर्ष वद्य दशमीस ठमाबाई हौदावर काठी टाकावयास गेली, तो पाणी हातभरही भरेना. इतर सहा हौदांवर सर्वांचे डोळे असतच; त्यांचे मीठपेठेहून वर, हे सर्वांस ठाऊक. पौष शुद्ध पंचमीस सालअखेरचे माप. मध्ये दहा दिवस. सुईणीने आवडाईस सांगितले होते की, पंधरा दिवस तरी लागतील. ठमाबाईने ही दोन गणिते एकापुढे एक मांडली आणि ती तशीच घरी आली. तटाबाहेर मिठाचा माळ, सावली नाही, आणि चालत गेलेल्यांपैकी कोणी परत आल्याचे ऐकिवात नाही. आवडाई चुलीपाशी बसोन शेंगा सोलीत होती. ती म्हणाली, "ठमे, माझ्याकडं अशी बघू नगंस. चालायची येळ आली तर चालीन मी. पाय माझं हाईत, पोट तेवढं दोघांचं." ठमाबाईस रडू फुटले, ते तिने धुरावर ढकलले, आणि उठून सोंडेवर गेली.

सोंडेवर जाऊन ती जाळ्याकडे पाहावयाचे सोडून धुक्याकडे पाहत बसली. पाहता पाहता तिला दिसले की धुके कमी जाहलेले नाही. ते वर गेले आहे. सर्व जाळ्यांच्या डोईवरून निघून ते वरच्या खिंडीत शिरे आणि पलीकडे मिठावर फुकट सांडे. खिंड दोनशे साठ हात रुंद, मध्ये खोल दरी, खांब रोवावा तर पाया नाही. या कड्यापासोन त्या कड्यापर्यंत एकच जाळे टांगील तोच ते धुके धरील. आणि एका पेठेचे जाळे चाळीस हात. ठमाबाईने बोटांवर मोजले. सात चोक अठ्ठावीस. म्हणजे दोनशे ऐंशी हात. मग तिने गोफण खाली ठेविली, हात मोकळे वर केले, आणि काचपेठेच्या जाळ्याकडे चालू लागली.

काचपेठ सातांत थोर, पाणी चार हात, जाळे गुळगुळीत काचतंतूचे, आणि त्यांचा राखणदार हैबती म्हणोन, पेठेचे मुख्य मानाजीराव यांचा पुत्र, वय अठरा, देखणा, आणि ते त्यास ठाऊक. त्याने रीतीप्रमाणे धोंडा सोडिला. तो ठमाबाईच्या पायाशी पडला. तिने तो उचलिला, चालत जाऊन त्याचे हाती दिला आणि बोलली, "ह्यो तुझा धोंडा. आता बोलू का?" हैबती बोलला, "मीठपेठेची घटका भरली, तेव्हा बरी गोडीगुलाबी सुचली!" ती बोलली, "व्हय, तवाच सुचली. तुझी भरंल तवा तुलाबी सुचंल. पर तवा आयकाया कोन ऱ्हायलेलं असंल?" इतक्यात तारपेठेची जैनब, जिची जीभ गोफणीहून बरी चाले, चाळीस पावलांवरून ओरडली, "मोठ्यानं बोला! आमचं पाणी मीठपेठेच्या वीतभरच वर आहे. पुढल्या साली गाठोडं आम्हीच बांधणार, मग आत्ता ऐकायला काय जातंय?" मग एकेक करून सातही पेठांची पोरे जवळ आली, आणि ठमाबाईने खिंडीकडे बोट केले, आणि दाखविल्यावर ते सर्वांसच दिसले. वास्तविक दोन वर्षे ते डोळ्यांपुढेच होते. परंतु एकमेकांकडे रोखून पाहण्यात वर पाहावयास कोणास फुरसत जाहली नव्हती.

हैबतीने पुष्कळ आढेवेढे घेतले, मग म्हणाला, "बांधून तर पाहू. नाहीतर तुम्ही सहाजण बांधाल आणि काचपेठेचा कोणी नव्हता म्हणून गाणी कराल." मोठ्यांस न सांगता काम धरावे ऐसे ठरले, कारण मोठे विचारविनिमयास बसते तर पौष उलटून जाता. त्रयोदशीस जाळी उतरविली, वर वाहिली, काठास काठ लाविले. परंतु जेथे जोड आला तेथे रीत आडवी आली. ज्याने त्याने कापड काढिले, आपापल्या गाठीने शेजाऱ्याचा काठ बांधिला, आणि तो बांधीत असता शेजाऱ्याने मोठ्या सभ्यतेने पाठ फिरविली. सहा जोड जाहले, आणि एकही जोड दोघांनी मिळून पाहिला नाही. चतुर्दशीचे पहाटेस वळसा घालून पलीकडचा कडा गाठला, दोर ओढिले, आणि जाळे खिंडीत उभे राहिले. जैनब आनंदाने नाचू लागली. हैबती मधला पीळ सोडवावयास वरच्या दोरावरून दरीवर गेला, आणि तेव्हाच धुके आले.

ओल लागताच काय जाहले ते ऐकावे. काचपेठेची गाठ आपल्या गुळगुळीत तंतूवर लोखंडासारखी बसे, परंतु मीठपेठेच्या भरड दोरावर भिजताच ढिली जाहली. मीठपेठेची गाठ भरड दोरात रुते, ती काचतंतूवर रुतेना. मधला जोड सुटला, जाळे टरकन फाटले, आणि हैबती खाली गेला. जाता जाता त्याचे हाती मीठपेठेच्या जाळ्याची कड आली, आणि त्या कडेची गाठ, जी ठमाबाईने आपल्याच दोरावर बांधिली होती, ती कचकन आवळली आणि टिकली. खाली दरी, वर ती एक गाठ, मध्ये काचपेठेचा लाडका. ठमाबाई कड्याशी पालथी पडोन दोर धरून राहिली, तळहात सोलले, तिने सोडिले नाही, आणि बाकीची पोरे धावली आणि पेठ न पाहता ज्याचा पाय सापडेल तो धरून साखळी केली, आणि हैबतीस वर घेतले. वर येताच तो बोलला ते जिवावर बेतल्याचे नव्हे. "आमची गाठ सुटली?" म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले, जे त्या राज्यात कोणी फुकट घालवीत नसे. जैनब म्हणाली, "सुटणारच. भरड दोरावर भरडवाल्यांची गाठ पाहिजे, तंतूवर तुमची, आणि एकीत एक अडकवायला पाहिजे. पण ते कळायला पाहायला नको का? आम्ही सगळी सभ्य माणसं! डोंगराकडे तोंड करून उभे होतो!"

अमावास्येस सकाळी फाटके जाळे मध्ये ठेवून सर्व गोल बसली. माप पाच दिवसांवर. ठमाबाईस कळत होते काय करणे आहे. शपथ मोडिली तर रायाजीबाबा, ज्यांनी तिला खांद्यावर वाढविले, ते तिला पंक्तीस घेणार नाहीत. पेठ वाचली तरी ती पेठेची राहणार नाही. भय होते, ते लपवावे ऐसे काही नाही. तिला आवडाई माळावर चालताना दिसली, आणि मग तिने हातावरचे कापड काढून बाजूस टाकिले. सात पेठांची पोरे एकदम पाठ फिरवू लागली, इतकी सवय. ती ओरडली, "फिरू नगा! बघा हिकडं!" आणि उघड्या उन्हात, सर्वांदेखत, हळूहळू मीठपेठेची गाठ बांधून दाखविली. मग हैबती उठला, आपले कापड काढिले, तिच्या कापडावर टाकिले, आणि काचपेठेची गाठ दाखविली. मग जैनबने, मग बाकीच्या चौघांनी. ऐसा प्रसंग त्या राज्यात कधी जाहला नव्हता, आणि लिहिताना लिहिणाऱ्याचा ऊर भरून येतो.

ही बातमी खाली पोचण्यास किती वेळ लागणार? दुपारी रायाजीबाबा काठी टेकीत, पेठेचे दोन वृद्ध संगे घेऊन, सोंड चढून आले. रागाने चेहरा तांबडा. ते समयी हैबती मीठपेठेची गाठ घालण्याचा सराव करीत होता आणि ठमाबाई त्याच्या हातावर हात ठेवून शिकवीत होती. रायाजीबाबांनी काठी उगारली. ठमाबाई उठली, परंतु बाजूस जाहली नाही. ती बोलली, "मारायचं तर मारा काका, पर हात मोडू नगा. कामाचं हाईत अजून." काठी तैशीच वर राहिली, कारण रायाजीबाबांची नजर हैबतीच्या बोटांवर गेली होती. हैबतीने दोर वळविला, आणि रायाजीबाबांच्या तोंडून निघाले, "अरं, तिढा उलटा पडला! म्हशीला दावं लावतोस काय? अंगठ्याखालनं घे! अंगठ्याखालनं!" वृद्धांनी वृद्धांकडे पाहिले. रायाजीबाबांनी उगारलेल्या काठीकडे पाहिले, खाली ठेविली, हळूच बसले आणि म्हणाले, "बोलून बसलोच हाय, तर आता नीट तरी शीक. आमची गाठ अशी गबाळी बांधलेली मी माझ्या डोळ्यांदेखत बघनार न्हाई." राज्ये शपथेवर चालतात हे खरे, परंतु खऱ्या कारागिरास वाईट काम पाहवत नाही, हे त्याहून खरे.

मग काय विचारता! गाठकऱ्यास गाठकरी येऊन मिळाले. तारपेठेचे म्हातारे आले, ते रायाजीबाबांची चूक काढावयास आले, आणि चूक काढता काढता दोन जोड बांधून गेले. दोन दिवस, उन्ह डोक्यावर घेऊन, लहानथोरांनी शर्थ केली. ज्यास बोटे चालत नव्हती तो भाकरी वाटी, आणि त्या भाकरी कोणाच्या घरच्या हे कोणी विचारिले नाही. पौष शुद्ध द्वितीयेस पहाटे जाळे पुन्हा खिंडीस चढले. धुके आले. जोड भिजले आणि आवळले. आधी एक थेंब पन्हळीत पडला, मग दुसरा, मग मोजता येईनात, आणि शेवटी पन्हळ गाऊ लागली. ठमाबाई तेथेच बसली आणि मोठ्याने रडली, आणि हैबती तिच्याजवळ बसोन आपण धुक्याने भिजलो आहो ऐसे भासवू लागला.

परंतु पाणी आले की भांडणही आले. खिंडीतून उतरणारी पन्हळ एकच, आणि ती उतरे काचपेठेच्या हौदी, कारण तो सर्वांत जवळ. दोन दिवसांत काचपेठेचा हौद पाच हात भरला, आणि मीठपेठेचा होता तेथेच. मानाजीराव बोलले, "आमच्या हौदात पडले ते आमचे. नियम श्रीमंतांचा आहे, माझा नव्हे." माप दुसरे दिवशी. मीठपेठेत बाया गाठोडी बांधू लागल्या. ठमाबाई हौदांच्या ओळीपाशी आली. हे सात हौद म्हणजे मूळच्या एकाच जुन्या हौदाचे खण. मध्ये भिंती घालून, भिंतींतले झरोके विटांनी बुजविलेले. ती भिंतीवर हात ठेवून उभी राहिली, तो पलीकडून ठोका ऐकू आला. पाहते तो हैबती काचपेठेच्या हौदाच्या पायरीवर कंबरभर पाण्यात, हाती पहार. मानाजीराव धावत आले आणि गर्जले, "कपाळकरंट्या! घरचे पाणी परक्याच्या घरात सोडतोस? आपले पाणी खाली जाईल, आणि उद्या आपलेच नाव निघाले तर?" हैबती थांबला. तो बापास कधी उलट बोलला नव्हता. तो म्हणाला, "आबा, मी दरीवर लटकलो होतो. ज्या गाठीनं धरलं, तिला मी पेठ विचारली नाही." आणि पहार घातली. वीट निघाली, पाणी पलीकडच्या खणात धावले. मग प्रत्येक खणात त्या त्या पेठेची पोरे उतरली, आणि सहा भिंतींचे सहा झरोके मोकळे जाहले. मानाजीराव पायरीवर बसोन आपले पाणी उतरताना पाहत राहिले. त्यांनी पहारेकऱ्यांस हाक मारिली नाही. हेही लिहून ठेविले पाहिजे, कारण पाच हातांचे अडीच हात होताना मुकाट पाहणे हे लहान काम नव्हे.

पौष शुद्ध पंचमी. वेशीपुढचे पटांगण. मापाचे दिवशीची रीत ऐसी की, सर्व पेठांनी गाठोडी डोईवर घेऊन उभे राहावे, कारण ज्याचे नाव निघेल त्यास घरी परतण्याची मुभा नाही. सूर्य वर आलेला, मिठावरून झळा येत, सात पेठा उभ्या. आवडाईच्या डोईवर गाठोडे, एक हात पोटाखाली, ओठ सुकलेले. ठमाबाई तिला खांदा देऊन. श्रीमंत मापराव यांच्या दिव्यांची हालचाल सुरू जाहली. हौदांतल्या तारा थरथरल्या. पट्टी बाहेर पडली. रंगोपंतांनी ती वाचिली आणि त्यांचा आवाज अडखळला. "पुन्हा मापा," ऐसे तीत होते. श्रीमंतांनी पुन्हा मापिले. पट्टी पडली. "पुन्हा मापा." तिसऱ्यांदा मापिले. पाणी सातही खणांत अगदी एका पातळीस, केसाचाही फरक नाही. सर्वांत खाली कोण ते श्रीमंतांस सापडेना. काचपेठेचा कोणी एक रंगोपंतांच्या कानाशी लागला, "पंत, मीठपेठ म्हणून टाका. कोण पट्टी पाहतो आहे? निदान बाकीचे तरी सुटतील." रंगोपंतांनी चौदा सालांत चौदा नावे वाचिली होती, आणि प्रत्येक नावाबरोबर एकेक वेळ घरी जाऊन अन्न टाकिले होते. त्यांनी त्या माणसाकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मी पट्टीत आहे तेच वाचीत आलो. आजही तेच वाचीन."

मग श्रीमंतांचे सर्व दिवे एकदम मालवले, आणि बराच काळ काही नाही. आवडाईच्या डोईवरचे गाठोडे कलले. ठमाबाईने ते मोकळ्या हाताने सावरले. मग एक बारीक दिवा लागला, हिरवा, जो कोणी कधी पाहिला नव्हता, आणि पट्टी आली. रंगोपंतांनी ती दोनदा मनात वाचिली आणि मग मोठ्याने वाचिली. तीत ऐसे होते की, "सर्वांत खाली कोणी नाही. नियम संपला. आज्ञा व्हावी."

कोणास अर्थ लागेना. ज्यांची आज्ञा पाळण्यात पिढ्या गेल्या, ते श्रीमंतच आज्ञा मागतात! लोकांनी रंगोपंतांकडे पाहिले. रंगोपंतांनी मानाजीरावांकडे पाहिले, मानाजीरावांनी पुत्राकडे, हैबतीने ठमाबाईकडे. कोणी म्हणेल की तिने राज्य मागावयाचे होते, किंवा मोठे भाषण करावयाचे होते, आणि दुसरा कोणी असता तर करताही. ठमाबाईने आवडाईकडे पाहिले, सर्व पटांगणाकडे पाहिले, आणि यंत्रास नव्हे, माणसांस सांगितले, "गाठोडी खाली ठेवा."

आणि तीन हजार चारशे बारा माणसांनी गाठोडी खाली ठेविली. त्याचा आवाज तटावरून परत आला.

येणेप्रमाणे जाहले ते लिहिले. पाणी अजून थोडे आहे, जाळे दर पंधरवड्यास शिवावे लागते, पेठा अजून भांडतात, आणि रायाजीबाबा कोणाचीच गाठ पसंत करीत नाहीत. मापराव अजून मापे घेतात. लोकांनी आज्ञा केल्यावरून आता माणसेही मोजतात आणि रोज सकाळी पट्टी काढितात. माहे पौष शुद्ध दशमीस, आवडाईच्या घरून सुईण परतली त्या सकाळी, पट्टी निघाली, त्यात चौदा सालांत प्रथमच आकडा वर गेला होता. तीन हजार चारशे तेरा.